वेग शून्य असेल तर

रोबो-स्पर्धेसाठी कुठल्या शाळेची जोडी कुठल्या शाळेशी, याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि मुंगीने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या वाट्याला नेमकी मामेभावाची शाळा आली होती. घरात तिला मुंगी, तर त्याला सगळे तोफ म्हणायचे, कारण हळू बोलणं त्याला जमतच नसे. गेल्या वर्षी मुंगीचा रोबो जागच्या जागी गरगरायला लागला, तेव्हा "याला घेरी आली!" असं सगळ्या नातेवाइकांसमोर तोच ओरडला होता. तेव्हापासून दोघांत अबोला.

स्पर्धा मात्र मोठी नामी होती. अंतराळस्थानकात कलिंगडाएवढा एक रोबो तरंगत असतो. त्याने वायूचे फवारे मारत सरकायचं, तीन खुणा गाठायच्या आणि परत खोबणीत येऊन बसायचं. मुलांनी फक्त प्रोग्रॅम लिहून पाठवायचा. एकदा रोबो सुटला की बघत बसण्यापलीकडे हातात काही नाही.

मुंगीच्या आईचं चष्म्याचं दुकान होतं. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, दोघं कामाला बसली. पहिला दिवस सगळं बोलणं आईमार्फत चाललं.

"आत्या, हिला सांग, या चालीने गेलो तर रोबो पोचेपर्यंत आम्ही म्हातारे होऊ!"

"आई, त्याला सांग, सगळा वायू आधीच उडवला तर परत काय फुंकर मारून आणणार?"

"मी गिऱ्हाइकं बघू की तुमचं टपाल वाटू?" आई म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं. मग बोलावंच लागलं.

पंधरा दिवस भांडत भांडत प्रोग्रॅम तयार झाला. शुक्रवारी पाचच्या आत तो पाठवायचा होता. चार वाजता मुंगी सहज पुन्हा वाचायला बसली आणि एका ओळीवर थबकली. खुणेपाशी पोचायला किती सेकंद लागतील, हे काढायला तिने अंतराला वेगाने भागलं होतं. संगणकावरच्या सरावात रोबो नेहमी जरासा हलतच सुटायचा. पण वर कुणी तो अगदी स्थिर सोडला तर? वेग शून्य, आणि शून्याने भागायला सांगितलं की प्रोग्रॅम तिथेच आडवा.

चूक तिची होती. तोफेला कळली तर तो वर्षभर गाजवणार. तरी तिने फोन लावला.

तो दहा मिनिटांत सायकल हाणत आला. धापा टाकत त्याने ती ओळ वाचली. मुंगी त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली.

"मी हे तपासलंच नव्हतं गं," तो चक्क हळू आवाजात म्हणाला. "तुझं आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चाललो."

"सरक," म्हणत मुंगीने कीबोर्ड ओढला. वेग शून्य असेल तर आधी एक छोटा फवारा मारायचा, अशी ओळ घातली आणि पाचला चार मिनिटं असताना प्रोग्रॅम रवाना केला.

सोमवारी सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर अंतराळवीर बाई दिसल्या. त्यांनी रोबो हवेत धरला आणि इतक्या अलगद बोटं काढून घेतली, की तो तसूभरही हलला नाही. तोफेने मुंगीचं मनगट गच्च धरलं. एक, दोन... फुस्स! रोबो निघाला. पहिली खूण, दुसरी, तिसरी. परत येताना मात्र तो खोबणीच्या कडेला धडकला, जरा डगमगला आणि मग बसला.

त्या धडकेचे गुण कापले गेले आणि त्यांचा दुसरा नंबर आला. पण तो पुकारताच तोफ खुर्चीवर चढून असा काही गरजला, की पहिला नंबर आलेली मुलं घाबरून परीक्षकांकडे धावली. निकाल फिरला की काय, असं त्यांना वाटलं. त्यांची समजूत घालायला मुंगीलाच जावं लागलं, आणि हसू आवरेना म्हणून तिला धड बोलताही येईना.