चकतीवरची चमक

अप्पा पाट्या रंगवायचे. पासष्टी उलटली तरी खडूची रेघ न मारता ते दुकानाच्या पाटीवर सरळ ओळ ओढत, आणि तो न थरथरणारा हात हाच त्यांचा मोठा अभिमान होता. त्याखालोखाल अभिमान मोटारसायकलचा. रंगाचे डबे मागे बांधून ते तिच्यावरूनच कामाला जात आणि सुट्टीच्या दिवशी तिला स्वतःच्या हातांनी न्हाऊमाखू घालत.

गाडी धुण्याचे त्यांचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. इंजिन गार झाल्याशिवाय पाण्याचा थेंब पडता कामा नये. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. पाण्याचा फवारा लांबूनच. साखळी पुसायची ती गाडी बंद ठेवून, चाक हाताने फिरवत. "बोटं काय दुकानात सुटी मिळत नाहीत," ते म्हणायचे. "पाणी, शाम्पू आणि कोरडं फडकं. त्यापुढचं सगळं दुकानदाराच्या भल्याचं!" त्यांची लेक ठकी हे लहानपणापासून ऐकत आली होती. इतक्यांदा ऐकलं होतं, की आता तिच्या कानावर ते नुसतं पडायचं.

त्या वर्षी अप्पा तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले. गाडी जिन्याखाली धूळ खात पडली. डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली तेव्हा ठकीला वाटलं, अप्पांना खूश करावं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. काटेकोर काम तिच्या अंगवळणी पडलेलं. पिशवी बांधली, शाम्पूचा फेस केला, चाकाच्या तारांमधली घाण दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. सगळं अप्पांच्या नियमाने. पण पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या चकतीवर गंजाचे ठिपके पडले होते, ते काही जाईनात. टाकी चमकवायला तिने पॉलिशचा फवारा आणला होता. त्यातलाच थोडा चकतीवर मारला आणि फडक्याने घासला. चकती आरशासारखी लखलखली. ठकी स्वतःवर खूश झाली.

सकाळी अप्पा खाली आले आणि थबकलेच. "अगं, ही माझीच ना? का रात्रीतून कुणी बदलून ठेवली?"

"तुमचीच. बसा आता, नवरदेवासारखे."

अप्पा हसत हसत गेले. गल्लीच्या टोकाला उतार आहे. तिथे एक हातगाडी आडवी आली. अप्पांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. हातगाडीवाला बाजूला उडी मारून वाचला; अप्पांचा पाय मात्र घोट्यात मोडला.

पलंगावर पडल्या पडल्या ते एकच सांगत राहिले. "दाबला गं मी ब्रेक. म्हणजे, दाबला असं वाटलं. हातात जोरच उरला नाही."

दुसऱ्या दिवशी ठकी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीने चकतीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "हे पॉलिश आहे! चकतीला असलं काही लावतात का? ब्रेक धरणार कशाला? पुढचाच ब्रेक गेल्यावर उतारावर काय होणार? कुणी लावलं?"

"माहीत नाही," ठकी म्हणाली.

तोंडातून निघून गेलं ते गेलं. मिस्त्रीशी खोटं बोलल्यावर घरी खरं बोलणं अवघड झालं. प्लास्टर निघालं की सांगू, असं तिने ठरवलं. प्लास्टर निघालं. अप्पा चालायला लागले की सांगू. अप्पा चालायलाही लागले. तोवर आईने सुटकेचा निःश्वास टाकला होता. "बरं झालं, आता तरी त्या गाडीचा नाद सोडा. वय झालं." आणि अप्पांनी, चक्क, मान डोलावली.

गाडी त्यांनी भाच्याला देऊन टाकली. तो न्यायला आला तेव्हा त्याला उन्हात उभं करून धुण्याचे सगळे नियम सांगितले. ठकी दारात उभी होती.

"आणि हे बघ," अप्पा म्हणाले, "टायरला आणि या चकतीला तेल, पॉलिश, काही म्हणजे काही लावायचं नाही. जीव जातो माणसाचा."

"नाही लावणार, मामा."

ठकीला वाटलं, जमीन दुभंगावी. तेव्हाही ती बोलली नाही.

मग एक दिवस दातांचे डॉक्टर नव्या पाटीचं काम घेऊन घरी आले. अप्पांनी हात जोडले. "दुसरीकडे बघा, डॉक्टर. ज्या हाताला ब्रेक दाबता आला नाही, तो तुमचं नाव काय लिहिणार?"

डॉक्टरांची पाठ वळली आणि ठकीचा बांध फुटला. आई बाजारात गेली होती. अप्पा खुर्चीत बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"अप्पा, तुमचा हात गेला नव्हता. ब्रेक तुम्ही दाबला होता. चकतीला मी पॉलिश लावलं होतं."

अप्पा खुर्चीत पुढे वाकले. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी. मिस्त्रीने सांगितलं."

"म्हणजे सात महिने." त्यांनी उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला. "सात महिने मी रोज उठून हा असा धरून बघतोय, ठके. कापतोय का, म्हणून."

ती रडायला लागली. त्यांनी तिला थोपटलं नाही, रागावलेही नाहीत. "पॉलिशचं काही नाही गं. हौसेने केलंस. चुका मीही केल्यात. एका वकिलाचं आडनाव चुकवून पाटी टांगून आलो होतो. पण बोलायचं होतंस."

त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर छापील पाटी सांगून मोकळे झाले होते. मग अप्पांनी एक जुनी फळी काढली, ब्रश भिजवला आणि एक ओळ ओढली. ओळ सरळ आली. ठकीच्या जिवात जीव आला. पण अप्पांनी ब्रश खाली ठेवला.

"हात ठीक आहे," ते म्हणाले. "पण आता मन मधेच विचारतं, ठीक आहे ना? पूर्वी विचारत नव्हतं."

त्यानंतर ते दारावरच्या नावाच्या लहानसहान पाट्या करू लागले, त्याही घरी बसून. शिडीवर चढून मोठं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. भाच्याने गाडी परत देऊ केली, तर नको म्हणाले.

आईलाही खरं सांगते, असं ठकी एकदा म्हणाली. अप्पांनी अडवलं. "राहू दे. गाडी गेल्याचा तिला आनंद झालाय, तो कशाला घालवतेस?"

आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, यांचा हात चुकला आणि पडले, वयच झालं होतं. अप्पा ऐकून घेतात. त्या वेळी ते ठकीकडे बघत नाहीत. तिला वाटतं, एकदा तरी बघावं.