अमीनसाहेबांचा मासा

गंगम्मानं जन्मात मटणाला हात लावला नव्हता. खाटकांच्या गल्लीवरून जायची वेळ आली तर बाई पदर नाकाला लावून लांबच्या बोळानं वळसा घालायची. आणि आता तीच गंगम्मा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मानवतच्या ठाण्यामागे अमीनसाहेबांच्या ओसरीवर बसून शेळीचं काळीज विळीवर चिरत होती. ते पण कसं, तर हरभऱ्याएवढं बारीक. चरबीचा पापुद्रा दिसला की नखानं ओढून काढायचा. आता बोला!

काळीज होतं माशासाठी. व्यंकटराव अमीन म्हणजे ठाण्याचा मोठा अंमलदार. बायको वारलेली, पोरबाळ नाही. मुंबईच्या कुण्या पारशाकडून त्यानं तो विलायती मासा घेतला आणि पितळी घागरीत घालून, आगगाडीत मांडीवर धरून आणला. तेव्हा बोटाएवढा होता म्हणे. आता चांगला हातभर झाला होता, रंगानं काळा आणि अंगावर निखाऱ्यासारखे लाल डाग. लोखंडी चौकटीच्या काचेच्या पेटीत राहायचा, नाव बादशाह. थाट तरी केवढा! माणसाची पावलं ओळखायचा, काचेशी येऊन तोंड उघडून उभा राहायचा, बोटातून घास घ्यायचा.

आणि ह्या बादशाहावर गंगम्माच्या पोराचा जीव टांगला होता.

तिचा एकुलता एक ईश्वरअप्पा. निजामाच्या राज्यात, चावडीवर तिरंगी झेंडा लावला म्हणून माघात शिपायांनी त्याला घरातून उचलला. न्हाणीतून निघाला होता, अंग ओलं होतं. घराबाहेर पडणाऱ्याच्या कपाळाला आईनं भस्म लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्या दिवशी शिपायांनी तेवढाही दम धरला नाही, पोराला कोऱ्या कपाळानं ओढत नेलं. गंगम्माच्या मनाला तेच खात होतं. शिवरात्रीला मठातून भस्माची मोठी वडी मिळाली, ती तिनं कमरेच्या बटव्यात जपून ठेवली. पोरगं सुटून आलं की उंबऱ्यातच त्याच्या कपाळाला लावायची, असं तिनं ठरवलं होतं.

पोर त्याच ठाण्याच्या कोठडीत होतं, म्हणून ती रोज भाकरी घेऊन ठाण्याशी उभी राहायची. एके दिवशी अमीनसाहेबांनीच तिला आत बोलावलं.

"बाई, मला महिनाभर हैदराबादला जायचंय," ते म्हणाले. "हा भुजंग शिपाई माशाचं मटण स्वतःच खातो. मागच्या खेपेला आलो तर बादशाह काटकुळा आणि हा गुटगुटीत! तुम्ही लिंगायत. ह्यातला तुकडा तुमच्या तोंडात जायचा नाही. सांभाळा माझ्या बादशाहाला. मी आलो तेव्हा हा धडधाकट असला, तर तुमचा मुलगा मुचलका लिहून घरी. नसला, तर यादी तयार आहे. मोठ्या तुरुंगात जाईल तो."

मोठ्या तुरुंगात मागल्या साली मानवतचे दोघं गेले होते. त्यातल्या एकाचं मढंसुद्धा घरच्यांना मिळालं नव्हतं. गंगम्मानं विचार करायला श्वासभरही वेळ घेतला नाही. "सांभाळते, साहेब," म्हणाली.

साहेबांनी सगळं शिकवलं. दिवसातून एकदाच चारायचं, थोडी भूक ठेवून. एक दिवस काळीज, एक दिवस गांडुळं. उरलेला घास लगेच फडक्यानं गाळून काढायचा. रोज चार कळशा जुनं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं, कळशी उंच धरून, बारीक धारेनं, पाण्याला फेस आला पाहिजे. मासा पाण्यातूनच श्वास घेतो, म्हणाले. गंगम्मानं मान हलवली. तिला त्यातलं भूक आणि कळशी एवढं कळलं.

नवऱ्याला, शिवाप्पाला, तिनं त्याच सांजेला सांगून टाकलं. तो किराण्याचा दुकानदार, लिंगपूजेशिवाय पाणी न पिणारा.

"पोरासाठी कर," म्हणाला. "पर माझ्या ताटाला हात लावू नगंस."

त्या दिवसापासून तो आपली भाकरी आपण थापू लागला. वाकड्यातिकड्या, करपलेल्या भाकरी. गंगम्मा दारातून बघत राहायची.

पहिले आठ दिवस तिनं माशाला शिव्याच घातल्या. "गिळ मेल्या, गिळ. माझा धरम बुडवलास, आता पोट तरी भर तुजं." घास दिला की हात मातीनं घासायचे, पुन्हा पुन्हा, कातडं सोलवटेपर्यंत. पण रोज कुणी आपल्या वाटेकडं डोळे लावून बसलं की माणूस किती दिवस दगड राहणार? हळूहळू ती त्याच्याशी बोलायला लागली. ईश्वर लहानपणी कसा रुसायचा, त्याला शेंगदाण्याची चटणी कशी लागायची, सगळं सांगायची. बादशाह काचेशी ऐकत उभा राहायचा.

चैत्र संपता संपता जमीन तापून फुटली. उकिरडा खणखण खणला तरी गांडूळ सापडेना. रोज काळीजच चालू झालं. आणि एका सकाळी गंगम्माला दिसलं, बादशाहाच्या कपाळावर दोन पांढरे खड्डे पडले होते. चार दिवसांनी चार झाले.

"मावशी, ह्याला देवी आल्या का काय?" भुजंग काचेला नाक लावून म्हणाला. "साहेब शनवारी यायलेत. तवर हा जगतोय का न्हाई?"

"तुज्या तोंडात माती!" गंगम्मा कडाडली. पण पुन्हा काचेशी वाकून तिनं खड्डे मोजले.

ज्याच्यासाठी मटण चिरलं त्याच्याच कपाळाला खड्डे पडावेत! हे आपल्याच हातांचं पाप, असं तिच्या मनानं घेतलं. कपाळाचं दुखणं काय घालवतं? तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध. ताप आला, भस्म. दचकला, भस्म. गाय पान्हवेना, तिच्याही कपाळाला भस्म. तिनं बटवा सोडला, जपून ठेवलेल्या वडीचं चिमूटभर खरवडलं, पाण्यात हात घातला आणि बादशाहाच्या कपाळावर बोट टेकवलं. शहाण्या लेकरासारखा तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं घास झडप घालून घेतला. गंगम्माला हर्षानं रडू आलं. आदल्या दिवशी तिनं त्याला काही चारलंच नव्हतं, तो भुकेला होता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

शुक्रवार उजाडला. साहेब उद्या येणार. खड्डे काही बुजले नव्हते. गंगम्मानं विचार केला, एका चिमटीनं एवढा गुण, तर हात आखडता कशाला? पोराच्या जिवाची गोष्ट. पोर घरी आलं की मठातून दुसरी वडी आणता येईल. तिनं सगळी वडी पाट्यावर वाटली, "शिवा, शिवा" म्हणत पेटीत सोडली. बटवासुद्धा पाण्यात झटकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यात बादशाह दिसेना. तिनं हात जोडले आणि घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

शनिवारी सकाळी बादशाह पाण्यावर आडवा होऊन तोंड उघडझाप करत होता. गंगम्मानं कळशी उचलली. पाणी काढलं, ओतलं, काढलं, ओतलं. हात उंच धरून, फेस येईपर्यंत. भुजंगही बिचारा आडाकडं पळत राहिला. "ऊठ रं राजा, ऊठ, माज्या लेकराकडं बघ," ती म्हणत होती. दुपार व्हायच्या आत तोंडाची उघडझाप थांबली.

"उन्हानं मेला म्हण," भुजंग कानाशी कुजबुजला. "मी बी तेच सांगतो."

साहेब आले. टोपीसुद्धा न काढता त्यांनी मासा दोन्ही हातांवर घेतला, कल्ले उचलून पाहिले. आत पांढरा गाळ बसला होता.

"काय घातलंत, बाई?"

गंगम्मानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. ते मुठीत असताना खोटं तोंडातून निघेना. "इभूत घातली, साहेब. बरं वाटावं म्हणून. समदी घातली."

साहेबांनी तो गाळ बोटावर घेतला. "शेणाची राख आहे हो ती. पाण्यात राख कालवलीत. त्यानं श्वास कुठून घ्यायचा?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. तो माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान गंगम्माला त्याला शिव्या देता आल्या असत्या. मासा फडक्यात गुंडाळून त्यांनी हात पुसले आणि भुजंगला यादी आणायला सांगितली.

"साहेब, पाया पडते. माज्या हातानं झालं, त्येच्या हातानं न्हाई."

"मी शब्द दिला होता, बाई. दोन्ही बाजूंनी," साहेब म्हणाले आणि आत गेले.

तिसऱ्या प्रहरी ठाण्यासमोर लॉरी उभी राहिली. ईश्वरअप्पा बेड्यांसकट वर चढला. वाळला होता. आईला पाहून हसला आणि फळीवरून वाकून कपाळ पुढं केलं.

"माय, त्या दिशी ऱ्हायलं बग. लाव."

गंगम्मानं बटवा काढला. आत बोटं घातली, मग बटवा उलटा केला. चिमूटभरही उरलं नव्हतं. शिवण चाचपून पाहिली, तिथंही नाही. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती.

तिनं तीन कोरडी बोटं पोराच्या कपाळावरून आडवी ओढली.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"लागलं, लेकरा," ती म्हणाली.

लॉरी सुटली. तो फळी धरून मागं बघत उभा होता, आणि रस्ता वळेपर्यंत उन्हात त्याचं कोरं कपाळ तिला दिसत राहिलं.