पांढरा दोरा

सकाळपासून मी अंगणातला नळ चार वेळा घट्ट बंद केला. तो मुळात चालूच नव्हता. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "बस की गं जरा! पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस? आज तर तुझा मानाचा दिवस."

"मानाचा दिवस म्हणून काय पुतळ्यासारखी बसू?" असं म्हणून मी पाचव्यांदा नळाकडे गेले.

मानाचा दिवस कसला डोंबलाचा! मी खारफुटीच्या रोपवाटिकेत काम करते. काळ्या पिशव्यांत चिखल भरायचा, त्यात हिरवी लांब बी खोचायची, भरतीच्या वेळा सांभाळून दिवसातून दोनदा खारं पाणी सोडायचं. अकरा वर्षं हेच केलं. आज त्यातली चाळीस हजार रोपं समोरच्या उघड्या चिखलात लागायची होती. अकरा वाजता पाणी पुरतं उतरणार, दोन होड्या भरून माणसं येणार, रोपं लावणार, मग सगळीकडे कुंपण. पाच वर्षं त्या चिखलात कुणी पाय ठेवायचा नाही.

आणि त्याच चिखलावर आमच्या थोरल्या जाऊबाईंचं घर चालतं. त्यांना मी ताई म्हणते. आमची दोन घरं, मधली भिंत एक. ताई रोज ओहोटीला चिखलात उतरतात, दाताळ्याने शिंपल्या काढतात, बारक्या असतील त्या परत टाकतात. लांबून बघणाऱ्याला तो चिखल रिकामा वाटतो. ताईंना विचारा, त्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय वाढतंय ते तोंडपाठ सांगतील. भाऊजी गेल्यावर दोन पोरी त्यांनी त्याच चिखलावर मोठ्या केल्या, कुणापुढे हात पसरला नाही.

अशी बाई, जी कुंपणावरच्या कावळ्याशीसुद्धा भांडण उकरून काढेल, ती मागच्या महिन्यात या लागवडीच्या सभेत गप्प बसली. आमच्या रोपवाटिकेच्या साहेबांनी दोनदा विचारलं, "कुणाची हरकत आहे का?" मी मनात म्हणत होते, बोला ताई, आज तरी बोला. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या, बस्स. मला इतका राग आला म्हणून सांगू! घरी येऊन मी भांडी आपटली.

राग ताईंचा नव्हताच. कुणाचा होता ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर भांड्यांवर निघाला.

झालं होतं असं. सव्वा वर्षापूर्वी साहेबांनी त्या चिखलात दोनशे रोपं लावून बघायला सांगितली. तिथे खारफुटी कधीच नव्हती, पण जगली तर मोठं काम करता येईल, असा त्यांचा विचार. साहेब मनाने चांगले. वादळ अडवणारं, माशांच्या पिल्लांना आसरा देणारं झाड ते, जितकं लावू तितकं कमी, असं त्यांना वाटायचं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. मी दोनशे रोपं लावली. पंधरा दिवसांनी बघायला गेले तर पंचवीस-तीस मेलेली. देठांवर धारदार कवचाचे किडे चिकटलेले, पानं कुजलेली. तो भाग इतका सखल, की दिवसाचे सोळा तास पाण्याखाली. झाडाने श्वास घ्यावा कधी?

आणि मी काय केलं? नांग्या भरल्या. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावायचं, याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. रोपवाटिकेत मेलेलं रोप रांगेत दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. अकरा वर्षांची सवय, दात पडलेली रांग मला बघवत नाही. दुसऱ्या पंधरवड्याला पुन्हा भरल्या. तिसऱ्या, चौथ्या, असं करत वर्ष गेलं. देवाशपथ सांगते, सुरुवातीला मनात पाप नव्हतं. पण वर्षाअखेर साहेब आले, गुडघाभर चिखलात उतरून मोजलं, आणि ओरडले, "बाई, दोनशेतली एकशे अठ्ठ्याऐंशी! शंभरात चौऱ्याण्णव!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला कळलं आपण काय करून बसलो ते. तेव्हाच तोंड उघडायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या हो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी गप्प राहिले.

त्या चौऱ्याण्णवावर आजचे चाळीस हजार उभे होते. वर्षभरात सगळी मरणार, कुंपण मात्र राहणार. रोपंही गेली आणि शिंपल्याही गेल्या.

नवऱ्याचा कप विसळायला घेतला आणि खिडकीतून ताई दिसल्या. त्यांनी चपला घातल्या होत्या. आता यात काय, असं तुम्ही म्हणाल. पण ताई ओहोटीच्या वेळी चपला कधी घालत नाहीत, चिखलात चपलांचं काय काम? त्यांच्या हातात डबा होता. दाताळं मागच्या भिंतीच्या खिळ्याला टांगलेलं, नीट धुऊन, दात वर करून.

मी धावत बाहेर गेले. "ताई, कुठे निघालात?"

"बर्फाच्या शेडमध्ये. कोळंबी सोलायला बायका पाहिजेत म्हणे. आजपासून लागते."

"तिथे? दिवसभर बर्फात हात? तुमची बोटं आधीच दुखतात!"

"मग काय करू, तुझ्या कुंपणाबाहेर बसून चिखलाची आरती करू?" त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "तू जा. साहेब वाट बघत असतील. केस तरी विंचर, फोटो निघतील."

त्या गेल्या. मी कप घेऊन तशीच उभी. कप पायरीवर ठेवला की खाली पडला, तेही आठवत नाही. पडलाच असावा, संध्याकाळी नवरा कुरकुरत होता. मी केस न विंचरता पळत सुटले.

साहेब बांधावर दोरी लावून रांगा आखत होते. पाणी उतरायला लागलं होतं. मी धापा टाकत म्हटलं, "साहेब, आकडा खोटा आहे."

"कुठला आकडा?"

"चौऱ्याण्णव."

"बाई, मी स्वतः मोजलंय. दोनदा."

"तुम्ही बरोबर मोजलंत. मीच चुकीचं लावलं." आणि मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नांग्या, पंधरवडे, टाळ्या, सगळं. तोंडाला खीळ म्हणून राहिली नाही.

त्यांचा विश्वासच बसेना. आधी हसले, मग घड्याळ बघितलं, मग चिडले. "माणसं निघालीत तिकडून! आत्ता सांगताय? तुम्हाला नोकरी नकोशी झाली का? आणि हे खरं कशावरून?"

"दोऱ्यावरून," मी म्हटलं.

आमच्याकडे प्रत्येक महिन्याच्या तुकडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधतात, म्हणजे कुठली रोपं कधीची ते कळतं. दोरा अगदी बुंध्याशी असतो. चिखलात गेला की माखतो, पुसल्याशिवाय रंग दिसत नाही, म्हणून साहेबांना कधी दिसला नव्हता. चाचणीच्या पहिल्या दोनशे रोपांना पांढरा होता. त्यानंतरच्यांना लाल, निळा, पिवळा, जो त्या महिन्याचा असेल तो.

आम्ही चिखलात उतरलो. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे, साहेब मागे. वाकायचं, बुंधा धुवायचा, बघायचं. निळा. लाल. लाल. हिरवा. निळा. पहिल्या रांगेत एकही पांढरा नाही. साहेबांचं चिडणं दुसऱ्या रांगेतच थांबलं होतं. सगळ्या रांगा झाल्यावर ते म्हणाले, "अकरा." हा माणूस एकदा मोजून थांबत नाही. पुन्हा फिरले. पुन्हा अकराच.

"दोनशेतली अकरा," ते म्हणाले. "माझी सही आहे त्या कागदावर."

"मला माहीतेय साहेब."

"मग लावायची कुठे ही चाळीस हजार?"

मी उत्तरेकडे बोट दाखवलं. तिथे कोळंबीचे जुने तलाव आहेत. कधीकाळी सगळं खारफुटीचं रान होतं. ते तोडून तलाव झाले, मग रोग आला आणि मालक तलाव टाकून गेले. गेल्या पावसाळ्यात एका तलावाचा बांध खेकड्यांनी पोखरून फुटला. भरतीचं पाणी आत शिरलं, पाण्याबरोबर बिया आल्या, आणि आता तिथे कमरेएवढी झाडं उभी आहेत. दाट. कुणी लावली नाहीत, कुणी नांग्या भरल्या नाहीत.

"बांध फोडले की पुरे," मी म्हटलं. "लावायला कुणी लागत नाही. मीसुद्धा नाही."

हे बोलताना मला रडू आलं. कशासाठी खोटं बोलू? अकरा वर्षं मी ज्या कामाची ऐट मिरवली, ते काम तिथे एका भोकाने केलं होतं.

साहेबांनी फोन लावला. होड्या अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. मला म्हणाले, "उद्या दहाला कार्यालयात या. हे सगळं लिहून द्यावं लागेल. पुढे काय होईल, मी काही सांगू शकत नाही." मग म्हणाले, "माझंही."

मी तशीच, चिखलाच्या पायांनी, बर्फाच्या शेडमध्ये गेले. लांब टेबलांभोवती तीस-चाळीस बायका, सगळ्यांच्या डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या. ताई शेवटून दुसऱ्या. बोटं लालबुंद.

"ताई, चिखल राहिला. कुंपण नाही होत."

त्यांनी हातातली कोळंबी पुरी सोलली, टोपलीत टाकली, मगच वर बघितलं. "सांगितलंस?"

"काय सांगितलं?"

"नांग्यांचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी रोज त्या चिखलात असते गं बाई. दर पंधरवड्याला पिशवी लपवून यायचीस, चोरासारखी चार बाजूंना बघायचीस. मी काय आंधळी आहे?"

"मग सभेत बोलला का नाहीत? तुमचं पोट होतं ते! साहेब दोनदा विचारत होते!"

त्यांनी दुसरी कोळंबी उचलली. "बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. नवऱ्याचं तुझ्या काही खरं नाही, आज काम आहे, उद्या नाही. दोन घरांतलं एक तरी नीट चालू दे म्हटलं. माझं काय, मी कुठेही हात घालून खाईन."

तीस-चाळीस बायकांसमोर मी त्या टेबलाची कड धरून हमसाहमशी रडले. मुकादम बाई ओरडली, "अहो, चिखल! फरशीवर चिखल केलात सगळा!"

"पुसते मी," ताई तिला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "आता तुझं कसं?"

"उद्या बोलावलंय. काढतील बहुतेक."

त्यांनी ओले हात पदराला पुसले. "माझ्याकडे दुसरं दाताळं आहे. जुनं आहे, पण चालतं."

"मला नाही जमायचं ताई. मला एका जागी उभं राहता येत नाही, तुम्हाला माहीतेय."

"तेच तर लागतं," त्या म्हणाल्या. "चिखलात उभं राहिलं की माणूस रुततो. आता गप्प हो आणि तो पोछा घे तिकडचा."

मी पोछा घेतला.