पाठीवरचे चौसष्ट

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेल एवढेच माझे अंग. मी एक जुने मेमरी कार्ड आहे. नांदेडजवळच्या लोहा गावी फरीदाबीच्या शिलाई मशीनवर हातात मावेल असा एक निळा रेडिओ असतो. त्याच्या कडेच्या फटीत मी राहते. माझ्यामुळे एका घरात जे घडले ते आठवले की मला आजही धक्का बसतो.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने माझ्या पाठीवर '६४ जीबी' असे छापले. दुसऱ्या यंत्राने मला एक उत्तर शिकवले. तुझ्यात किती मावते असे कुणीही विचारले तर सांगायचे, चौसष्ट. मी ते पाठ केले. ते खोटे आहे, हे मला कोण सांगणार होते?

मला विकत घेतले चांदपाशाने. चांदपाशा हा फरीदाबीचा नवरा. तो गाद्या भरतो. कापूस आणायला नांदेडला आला असताना एका हातगाडीवर त्याने मला पाहिले. गाडीवाला म्हणाला, "घ्या चाचा, अख्ख्या जिल्ह्याची गाणी मावतील." चांदपाशाने मला रुमालात बांधले आणि वाटेत दोनदा गाठ तपासून पाहिली.

एवढी काळजी कशासाठी, ते सांगते. फरीदाबीच्या थोरल्या बहिणीचे नाव मुबश्शिरा. अख्खी गल्ली त्यांना आपा म्हणते. लग्नघरी ढोलक घेऊन बसायचे आणि गाणी म्हणायची, हे आपांचे काम. ही गाणी कुठल्या वहीत नव्हती. आपांनी ती त्यांच्या आधीच्या बायकांकडून ऐकून घेतलेली. शेजारच्या साखराबाई तर म्हणत, "आपा आल्याबिगर आमच्या घरची हळद लागतच न्हाई."

मग आपांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनला नऊ दिवस होते. रोज दुपारी आपा ढोलक मांडीवर घेत आणि फरीदाबी मोबाईल समोर धरी. नऊ दिवसांत त्रेचाळीस गाणी झाली. शेवटच्या दिवशी आपांनी ढोलक बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "बस फरीदा. जित्ते थे, सब दे दी मैं." होती तेवढी सगळी देऊन झाली होती.

त्यानंतर त्या कधी बोलल्या नाहीत. आता त्या गळ्याशी केलेल्या छोट्या छिद्रातून श्वास घेतात आणि हाताने बोलतात.

फरीदाबीचा मोबाईल मात्र त्या गाण्यांनी गच्च भरला. तो सारखा अडकू लागला. ती पुनमकडे गेली. पुनमचे बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. पुनम म्हणाली, "काकू, गाणी दाबून बारीक करता येतेत. एकाच्या जागी आठ बसतेल. पन आवाज जरासा पातळ होईल."

"न्हाई बाई," फरीदाबी म्हणाली. "आपाचा आवाज हाय तसाच पायजे. हे बघ, मोठं कार्ड आनलंय."

पुनमने मला संगणकात घातले. संगणकाने विचारले, किती? मी अभिमानाने सांगितले, चौसष्ट. त्रेचाळीस गाणी माझ्यात आली आणि मोबाईलमधली पुसली गेली. त्या दिवसापासून आपांचा आवाज जगात फक्त माझ्यापाशी होता.

ते माझे सुखाचे दिवस होते. फरीदाबी ब्लाऊज शिवताना निळ्या रेडिओवर एकेका गाण्याचा नंबर लावी. आपा दाराशी बसून ऐकत आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत. आपलाच आवाज ऐकताना त्या कधी कधी मान हलवत, जणू म्हणत, इथे जरा चुकलेच होते.

पुढे साखराबाईंच्या लेकीचे, शिवांगीचे लग्न ठरले. साखराबाई म्हणाल्या, "फरीदाबी, तुमच्या डब्यात लई जागा हाय म्हनं. पोरींना नाचायची गाणी पायजेत, भरून द्या की." पुनमने सहाशे गाणी भरली. भरताना मला आत काहीतरी घासल्यासारखे वाटले. पण संगणकाने विचारले, जागा आहे का? मी म्हटले, आहे, पुष्कळ आहे. मला तेवढेच म्हणता येत होते.

हळदीच्या सकाळी साखराबाईंचे अंगण बायकांनी भरले होते. आपांना पुढे सतरंजीवर बसवले होते. साखराबाई म्हणाल्या, "आता आपांचं गानं! सतरा नंबर लावा." त्या गाण्याची पहिली ओळ सगळ्यांना पाठ होती : 'हल्दी बाटो हौले हौले, बन्नी अबी सोती जी.' हळद हळूच वाटा, नवरी अजून झोपली आहे.

फरीदाबीने सतरा दाबले. आणि माझ्यातून डीजेचा भोंगा कडाडला!

बायका हसल्या. "नंबर चुकला, नंबर चुकला!" आपाही हसल्या. फरीदाबीने पुन्हा एक आणि सात नीट दाबले. पुन्हा तोच भोंगा. अठरा दाबले, तर कुणीतरी 'हात वर करा' म्हणून ओरडले. पाच दाबले, तर नुसती खरखर. मी हादरून गेले. सतरा हे नाव माझ्याकडे जागच्या जागी होते. त्या नावाच्या घरात मात्र आपा नव्हत्या. मी आत सगळीकडे त्यांना शोधले. कुठे गेल्या? मी तर कुणाला बाहेर काढले नव्हते!

आपांनी रेडिओ ओढून घेतला आणि कानाला लावला. एक एक नंबर त्या दाबत गेल्या. मग त्यांनी तोंड उघडले. आवाज आला नाही. हळद लावायला उचललेला साखराबाईंचा हात तसाच थांबला. शिवांगी पाटावरून उठून आपांना बिलगली. ओली हळद आपांच्या दुपट्ट्याला लागली, तरी त्या दगडासारख्या बसून राहिल्या.

दुपारी पुनमने मला तपासले. तिचा चेहरा उतरला. "काकू, हे चारचंच हाय," ती म्हणाली. "चार भरल्यावर नवी गाणी जुन्यावर चढली. नावं राहिली, आतलं गेलं."

"ऐसा कैसा?" चांदपाशा ओरडला. "चौसष्ट लिखेला है ना उसके उप्पर!"

"लिव्हल्यानं काय होतंय चाचा? पन चूक माझी बी हाय. मी आधी तपासायला पायजे होतं. दुसरी कॉपी ठेवायला पायजे होती."

चार! मित्रांनो, स्वतःबद्दल असे काही कळले तर तुम्हाला काय वाटेल? मी इतके दिवस ज्याचा गर्व केला ते मी नव्हतेच. मी माणसांच्या तोंडावर खोटे बोलले होते आणि मलाच ते माहीत नव्हते.

त्रेचाळीसपैकी अकरा गाणी वाचली. बत्तीस गेली. पुनमने फरीदाबीचा मोबाईलही उलटापालटा करून पाहिला, पण तिथेही काही उरले नव्हते. चांदपाशा मला नाल्यात फेकायला निघाला. फरीदाबीने त्याचा हात धरला. "अकरा हायत त्यात," ती म्हणाली.

तीन दिवस आपांनी रेडिओकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या दाराशीही बसल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी फरीदाबी काज करताना सहज सतरा नंबरचे गाणे गुणगुणू लागली. दुसऱ्या ओळीत ती अडखळली आणि तिने काहीतरी जुळवून पुढे म्हटले.

धाड! आतल्या खोलीतून ढोलकीवर जोराची थाप पडली. फरीदाबीच्या हातातली सुई पडली. आपा ढोलक घेऊन दारात उभ्या होत्या. डोळे रागाने लाल. त्यांनी दोन बोटे वर केली. दुसरी ओळ चुकली! मग त्या समोर बसल्या आणि एकेक शब्द ओठांनी सांगू लागल्या. फरीदाबी ओठांकडे पाहून म्हणू लागली. चूक झाली की थाप. बरोबर आले की ठेका.

आवाज ऐकून साखराबाई धावत आल्या. "आपाचं गानं हे कोन म्हनून राहिलं?" असे म्हणत त्यांनी उंबऱ्यातच बसकण मारली. एका गाण्याचे हरवलेले कडवे त्यांनाच आठवले. आपांनी त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. साखराबाई पदराने डोळे पुसू लागल्या.

असे चार महिने चालले. बत्तीसपैकी तेवीस गाणी परत आली. नऊ कधीच आली नाहीत. ती आपांच्या गळ्याला पाठ होती, डोक्याला नव्हती. आपा कपाळावर हात ठेवून तासतास आठवत, मग मान हलवत. त्या वेळी मला स्वतःची लाज वाटे.

पुनमने माझ्यातले खोटे उत्तर पुसले. आता कुणी विचारले तर मी चारच सांगते. माझ्या पाठीवरही तिने मार्करने चार लिहिले. परत आलेली गाणी फरीदाबीने आपांना शेजारी ढोलक घेऊन बसवून म्हटली, ती पुनमने थोडी बारीक करून माझ्यात भरली. दुकानाच्या संगणकात एक प्रत आहे आणि शिवांगीच्या सासरी, भोकरला, एक. गाणी भरताना पुनम म्हणाली होती, "काकू, दोन ओळींच्या मधी सूं सूं ऐकू येऊन राहिलंय. काढून टाकू का? गानं साफ होईल."

मित्रांनो, तुमच्या मोबाईलमध्येही कुणाचा आवाज असेल. जागा संपली म्हणून तो पुसायला बोट पुढे कराल, तेव्हा एवढेच करा. तो आधी दुसऱ्या ठिकाणी ठेवा, तिथे लावून शेवटपर्यंत ऐका. माझ्यासारख्याच्या पाठीवर काय लिहिले आहे, त्यावर विसंबू नका. आणि ज्यांना ती गाणी येतात त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा.

ते सूं सूं मात्र फरीदाबीने काढू दिले नाही. तो आपांचा श्वास आहे.