मर्लच्या खोलीपलीकडची बरणी

मी एक बरणी बोलतेय. जर्दाळूच्या जॅमची, पण जॅम माझ्यात एकच हंगाम टिकला. टास्मानियाच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठच्या घरात आयव्हरने मला धुतलं, लाकडी बूच बसवलं आणि बुचातून दोरा सोडून त्याला चुंबक आणि आरशाचा तुकडा टांगला. समोर छोटा दिवा, आणि भिंतीवर उजेडाचा ठिपका. सूर्याचं वादळ पृथ्वीवर आदळलं की चुंबक डुलतं, ठिपका पेन्सिलच्या रेघेवरून हलतो. तेव्हा दक्षिणेला ध्रुवप्रकाशाने आकाश रंगायची आशा धरायची.

हे सगळं मर्लसाठी, त्याच्या बायकोसाठी. लहानपणी वडिलांच्या बोटीच्या धक्क्यावरून तिनं लालभडक आकाश पाहिलं होतं. आता छाती साथ देईना. पुन्हा एकदा ते बघून मरायचं, एवढंच तिचं मागणं.

शेजारची ग्लेनिस शिंपल्यांची पाई घेऊन येई आणि मला वाकून बघे. "काय रे आयव्हर, वेधशाळा फडताळात उघडलीस होय?"

"पाऊस सांगणाऱ्या तुझ्या गुडघ्यांपेक्षा बरी आहे हो ती," आयव्हर म्हणे.

मग मर्लसाठी लोखंडी पलंग आला. तो माझ्यामागच्या भिंतीला पलीकडून लागला आणि माझा ठिपका सरकला. वादळ आलं समजून आयव्हर हरखला. मर्लला गोधड्यांत गुंडाळून धक्क्यावर नेलं. आकाश काळं ठिक्कर. थंडी मात्र तिच्या छातीत बसली ती बसलीच.

"खोटारडी!" तो मला म्हणाला. पण लोखंड जवळ आलं की मी वळणारच, त्याला काय करू? त्याने रेघ पुसून नवी मारली, आणि माझ्यावरचा विश्वासही पुसला.

जूनच्या एका संध्याकाळी ठिपका पुन्हा हलला.

"काय म्हणतेय रे बरणी?" मर्लनं पलीकडे पलंगावरून विचारलं.

"काही नाही. पलंग सरकला असेल."

"कुणी सरकवला? मी?"

ठिपका काही थांबला नाही. लोखंड एकदाच ओढतं आणि गप्प बसतं; मी तर थरथरत होते. हे आयव्हरनंच ग्लेनिसला शिकवलं होतं.

बऱ्याच वेळाने ग्लेनिसनंच दार बडवलं. "अरे आयव्हर, आत काय बसलायस? आकाश पेटलंय! मर्लला आण!"

मर्लची खिडकी उत्तरेला. तिला उचलून तो दक्षिणेच्या दारात पोचला तेव्हा समुद्रावरून ढग भरून आले होते.

"कोणता रंग होता गं, ग्लेनिस?"

"लाल. खाली जरा हिरवा."

"बरणीनं सांगितलं होतं ना?" मर्ल म्हणाली. आयव्हर तिला घेऊन आत वळला.

त्याच आठवड्यात ती गेली. माणसं येऊन पलंग घेऊन गेली, आणि माझा ठिपका हळूच जुन्या, पुसलेल्या रेघेवर परतला. आयव्हर तिकडे बघत उभा राहिला. मग त्याने दिवा बंद केला.

आता मी त्याच फडताळात आहे, धूळ खात. वादळं येतात, मी अंधारात डुलते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिचा ठिपका हलल्यावर पाठ फिरवू नका. थरथरतोय का, एवढं तरी बघा.

आत्ताही मी थरथरतेय. दिवा लावणारं कुणी नाही.