शेवटच्या कडव्याचा आवाज

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुनमने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि शेवटच्या कडव्याशी थांबवलं. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी तिथे एकदम निम्म्यावर आली होती.

कुरुंदा गावातल्या तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची रिकामी पोती ठोकली होती. त्या पोत्यांना पाठ टेकून दगडोबा गोंधळी बसले होते. चार दिवसांपूर्वी याच खोलीत त्यांनी आयुष्यातलं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली आणि बोलणंही बंद केलं. उद्या सकाळी नांदेडला ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. साडेपाचच्या बसने निघायचं होतं, आणि ऑपरेशनआधी पुरं झालेलं गाणं दगडोबांना ऐकायचं होतं.

चूक कुठे झाली ते पुनमला आता कळलं. गोंधळाच्या शेवटी, आरतीच्या कडव्याला, गोंधळी देवीकडे तोंड करतो. तिच्या खोलीत देवीचा फोटो दाराजवळच्या कोपऱ्यात होता. दगडोबा सवयीने तिकडे वळले आणि माइक त्यांच्या खांद्यामागे राहिला.

बाकीचं गाणं तिने तीन दिवस खपून बसवलं होतं. जिच्यावर गेलं की आवाज फाटतो त्या लाल रेघेच्या जरा खाली संबळाचा प्रत्येक ठोका ठेवला होता. आधी हेडफोनवर, मग साध्या मोबाईलवर, मग शेजारच्या खोलीत जाऊन, दार लोटून ऐकलं होतं. दारापलीकडूनही शब्द कळले तरच ती पुढे सरकायची.

दगडोबांचा मुलगा बालाजी मागे उभा होता. संबळ त्यानेच वाजवला होता, वेगळ्या दिवशी येऊन.

"ताई, सगळंच मोठं कर ना. डीजेवर वाजलं पायजे."

"मोठं करायचं बटन लोकांपाशी हाय," पुनम म्हणाली. "फाटलेला आवाज शिवायचं कोनापाशी न्हाई."

तिने फक्त शेवटचं कडवं निवडलं आणि थोडं चढवलं. दगडोबांचा आवाज जवळ आला. आणखी चढवल्यावर त्याच्या मागून दुसरा आवाज आला. बाईचा, बारीक, पण सुरात पक्का. प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक तो उचलून धरत होता.

पुनमने मागे वळून दाराशी बसलेल्या मंजुळाबाईकडे पाहिलं. दगडोबांची ही बायको रेकॉर्डिंगच्या दिवशीही तिथे, फोटोखालीच बसली होती. तिचे ओठ हलत होते, एवढंच पुनमला तेव्हा दिसलं होतं.

मंजुळाबाईने पदर तोंडाशी नेला.

"पूस ते, पोरी. चाळीस वर्षं चुलीपाशी बसून संगं म्हनते मी. सवय लागली. लोक काय म्हनतील?"

बालाजीचंही तेच मत पडलं. गोंधळात बाईमाणूस झील धरत नाही, मागून सूर ओढत नाही, चार गावांत हसू होईल, असं तो म्हणत राहिला.

पुनमने तो आवाज दोन-तीन प्रकारे पुसून पाहिला. मग हात आवरला.

"दोघांचा आवाज एकातच गेलाय, मावशी. तुमचा काढला तर काकांचाबी चिरतो. एकतर हे कडवं खाली ठेवावं लागंल, मोबाईलवर कळनार न्हाई असं. न्हाई तर दोघंबी वर."

पुनमने हेडफोन दगडोबांच्या कानांवर ठेवले आणि कडवं लावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले आणि बायकोकडे बराच वेळ पाहिलं, जणू ती आत्ताच खोलीत आली होती. मग तळहात आडवा धरून हळूच वर उचलला.

पुनमने चढवलं. हात आणखी वर गेला. तिने आणखी चढवलं. पट्टी चढत लाल रेघेच्या केसभर खाली पोचली तशी पुनम थांबली. हात तरीही वर जात होता.

"याच्या वर न्हाई, काका," ती म्हणाली. "इथं दोघंबी बराबर ऐकू येतेत."

हात खाली आला.

चार बावन्नला तिने पुऱ्या गाण्याची फाईल काढायला एक्स्पोर्टचा चौकोन उघडला. गायकाच्या रकान्यात 'दगडोबा' टाइप केलं. दगडोबा उठून जवळ आले. आपल्या नावापुढच्या रिकाम्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं आणि काढलं नाही. बालाजी जोडे घालायला बाहेर गेला. मंजुळाबाई म्हणाली, "बस येऊन राहिली असंल," आणि पिशवी उचलली, पण हलली नाही.

पुनमने त्या जागेत दुसरं नाव टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी नऊला ऑपरेशन सुरू झालं. गाणं बालाजीच्या मोबाईलवर रात्रीच पोचलं होतं, उघडल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या. सव्वाअकरापर्यंत नांदेडहून फोन आलेला नव्हता.