तापातलं दूध

शार्दूल पाच महिन्यांचा झाला त्याच आठवड्यात मधुराला थंडी वाजून ताप भरला. डावा स्तन लालबुंद आणि दगडासारखा घट्ट. नुसता पदर लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

नातवासाठी उज्जैनहून बाग सेवनियातल्या त्यांच्या घरी येऊन राहिलेल्या तिच्या सासूबाईंनी, कुसुमताईंनी, बाळाला तिच्या मांडीवरून उचललं.

"तापातलं दूध पाजू नकोस गं. नासतं ते."

मधुराला हे पटलं नव्हतं, पण एकशे दोन ताप अंगात असताना वाद घालायचं त्राण नव्हतं. तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, पावडरच्या दुधाचा डबा आणला. शार्दूलने बाटली तोंडात धरलीच नाही. चमच्याने पाजलेलं ओकून टाकलं. दुपारपर्यंत रडून रडून त्याचा घसा बसला, आणि इकडे कोंडलेल्या दुधाने मधुराचा जीव कासावीस झाला.

"आई, आता मला सहन होत नाही. आपण डॉक्टरांकडे जाऊ."

कोटरा सुल्तानाबादच्या डॉ. सक्सेनाबाईंनी तपासलं आणि विचारलं, "दूध पिलाना किसने बंद कराया?"

"मैंने," कुसुमताईच म्हणाल्या.

"माताजी, माँ का दूध बुखार से खराब नहीं होता. दूध रुका, इसलिए तो सूजन बढ़ी. अभी पिलाइए, इसी तरफ से."

पडद्याआड शार्दूलने आधी तोंड फिरवलं, मग अधाशासारखा पिऊ लागला. पहिल्या काही घोटांना मधुराने ओठ दाताखाली दाबले. मग हळूहळू आतली गाठ सैल होत गेली. तिने भिंतीला डोकं टेकलं. रडू आलं, पण ते वेदनेचं नव्हतं. बाळ पीत असताना चालतील अशीच औषधं डॉक्टरांनी लिहून दिली.

कुसुमताई खुर्चीतून उठेनात.

"शैलू तीन महिन्यांचा असताना मलाही असाच ताप आला होता," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी पाजणं बंद करायला लावलं. दूध आटलंच. मी तेव्हा पाजू शकले असते का हो?"

मधुराने ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हाँ. पर आपको किसी ने बताया ही नहीं. इसमें आपकी क्या गलती?"

कुसुमताईंनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं वाटायचं, माझंच दूध वाईट होतं," एवढंच बोलल्या, आणि नातवाला खांद्यावर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

दोन दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी सूजही गेली. त्या संध्याकाळी मधुरा निवांत चहा पीत होती, तेव्हा बाल्कनीतून कुसुमताईंचा आवाज आला. त्या उज्जैनच्या बाळंतीण भाचीशी फोनवर बोलत होत्या.

"ताप आला तर डॉक्टरांना दाखव, पण पाजणं सोडू नकोस. आणि कुणी काही म्हटलं ना, तर सरळ मला फोन लावून दे!"